उशिरा ओरडणारा भोंगा

आमच्या कामरगावात मला कम्प्युटरवाली आत्याबाई म्हणतात. गावची लेक, म्हणून सगळ्या सुनांची आत्याबाई. कम्प्युटरवाली कशी, ते मात्र कुणालाच नीट ठाऊक नाही. निवृत्त झाल्यावर पुण्यातलं घर मुलासुनेच्या हवाली केलं आणि मी माहेरच्या गावी राहायला आले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या रुख्मानं टीव्हीचा रिमोट दुरुस्तीला आणला. आतले सेल उलटे बसवले होते. मी ते सुलटे केले. उभ्या आयुष्यात माझ्या कामाचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. माझ्या नोकरीत ना आग लागते, ना चोर सापडतो. तिथं यंत्रं अडतात, आणि ती का अडली हे शोधणारी माणसं वर्षागणिक चिडकी होत जातात. पण गेल्या हंगामात जे झालं, त्याची गावानं आपली एक गोष्ट करून टाकली आहे. त्या गोष्टीत मी चेटकीण आहे. तेव्हा दुसरी बाजूही कुठंतरी छापून आलेली बरी.

आधी माझं काम काय ते सांगते. कम्प्युटरच्या पोटात एक मूळ व्यवस्था असते. तिच्या गाभ्याला आम्ही कर्नल म्हणतो. पडद्यावर दिसणारं सगळं त्याच्या जिवावर चालतं. या गाभ्याचं एक मोठं काम म्हणजे मेमरी वाटणं. ज्याला जागा हवी त्याला द्यायची, त्याचं झालं की परत घ्यायची. मी जन्मभर या देण्याघेण्यात होते. पूर्वी यंत्रात प्रोसेसर एकच असायचा, म्हणजे स्वयंपाकघरात बाई एकच. मग दोन झाल्या, चार झाल्या, आता एकेका यंत्रात लग्नघरासारखी गर्दी असते. माझी सगळी नोकरी एका प्रश्नात गेली. इतक्या जणी एका स्वयंपाकघरात आल्या, की स्वयंपाक लवकर होतो की थांबतो?

थांबू शकतो. मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. दर वेळी फडताळापर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून प्रोसेसर लागणारी वस्तू आपल्या हाताशी आणून ठेवतो. या हाताशी ठेवलेल्या मेमरीला कॅश म्हणतात. पण प्रोसेसर चिमूटभर हळद आणत नाही. आणतो तो अख्खा डबा, सगळ्या वाट्यांसकट. आता एकीला हळदीच्या वाटीशी काम आहे, दुसरीला मोहरीच्या. दोघींचं भांडण नाही, एकमेकींच्या वाटीला त्या हातही लावत नाहीत. पण डबा एकच. आणि नियम असा, की वाटीतलं काही बदलायचं तर त्या वेळी डबा आपल्याच ओट्यावर हवा. मग डबा इकडून तिकडं, तिकडून इकडं. दोघी घामाघूम, दोघी कामात, आणि भाजी कच्ची.

बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं की सगळे प्रोसेसर पुरत्या जोरानं राबताहेत. यंत्र तापलंय, पंखे घुमताहेत, आणि काम मात्र होत नाही. बंद पडलेल्या यंत्राचं मला काही वाटत नाही, ते मेलेलं असतं. हे जिवंत असतं. आत जिवाच्या आकांतानं काहीतरी चाललेलं असतं आणि त्यातून बाहेर काहीच येत नाही. त्या खोलीत एकटीनं बसायला मला आजही नको वाटतं.

नको वाटतं, हे आता. पंचविशीत मला कशाचीच भीती नव्हती. केस कापले होते, स्कूटर शिकत होते, विभागात एकटी बाई होते आणि त्याचा मला भयंकर माज होता. यंत्रात या क्षणी एकूण किती मेमरी शिल्लक आहे, हे सांगणारा एक आकडा मी गाभ्याच्या अगदी मधोमध बसवला. सगळ्या प्रोसेसरांनी तोच वाढवायचा, तोच कमी करायचा. केव्हाही विचारा, अचूक उत्तर. त्यावर मी व्याख्यानही दिलं, खास त्यासाठी साडी नेसून. मग चार प्रोसेसरांचं नवं यंत्र आलं आणि ते एका प्रोसेसरच्या जुन्या यंत्रापेक्षा हळू चालायला लागलं. चौघंही माझ्या त्या लाडक्या आकड्याला हात लावायला रांगेत उभे.

आमचे साहेब फार बोलत नसत. त्यांनी एवढंच विचारलं, की हा आकडा इतका अचूक नक्की कोणाला हवा आहे? मी घरी येऊन रडले. नवऱ्याला सांगितलं, साहेबांना बाई पुढं गेलेली बघवत नाही. तो बिचारा पोळ्या भाजता भाजता माझ्या बाजूनं साहेबांना शिव्या देत राहिला.

उपाय साधा होता. प्रत्येकीनं आपापला आकडा आपल्या ओट्यावर ठेवायचा आणि अधूनमधून, सवडीनं, सगळ्यांची बेरीज करायची. काम झरझर होतं. किंमत मोजावी लागते ती एवढीच, की कुठल्याही क्षणी एकूण किती आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं. मोठमोठी यंत्रं अशीच चालतात. आपल्यापाशी काय उरलंय, याचा त्यांना नुसता अंदाज असतो. मला हे पचायला फार दिवस लागले. कधी दुपारी एकटी बसले की अजून वाटतं, हे काही बरं नाही.

गिऱ्हाइकांत एक जन्मपत्रिका करून देणारे गृहस्थ होते. त्यांचं यंत्र फक्त अमावस्येला अडायचं. ते मला म्हणाले, बाई, आज तुम्ही त्याला हात लावू नका, दिवस चांगला नाही. मी त्यांच्या तोंडावर हसले. दिवसभर यंत्र उघडून बसले आणि काही सापडलं नाही. पुढं कळलं, की अमावस्या आली की त्यांची सगळी गिऱ्हाइकं एकदम विचारायला येतात, सगळे प्रोसेसर एकदम मेमरी मागतात आणि डब्याची ओढाताण सुरू होते. गृहस्थांचं कारण चुकलं होतं, दिवस मात्र बरोबर होता. यातून मी काही शिकायला हवं होतं. मी त्याचा विनोद करून पार्ट्यांमध्ये सांगत राहिले.

आता भोंग्याकडे येते.

आमच्याकडे सोयाबीन काढायच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरतं आणि वीज पडते. शेतात उभ्या माणसाला पळायला जागा नसते. म्हणून वाशीममधल्या काही तरुण मंडळींनी एक व्यवस्था उभी केली. शिवाराच्या कडेला हवेतली वीज मोजणारे खांब. खांबांनी वाशीमच्या एका खोलीतल्या यंत्राला सतत कळवत राहायचं. यंत्रानं गणित करून धोका कुठं आहे ते ठरवायचं आणि त्या गावच्या भोंग्याला हुकूम सोडायचा. आमचा भोंगा शाळेच्या छतावर आहे. तो वाजला की हातातलं टाकून पक्क्या आडोशाला जायचं. सुरुवातीला सगळं छान चाललं. छान चाललं म्हणून गावं वाढली, खांब वाढले, आणि म्हणून त्यांनी मोठं यंत्र आणलं, खंडीभर प्रोसेसरांचं.

त्याच हंगामात रुख्माचा दीर, जनार्दन, गेला. बांधावरच्या निंबाखाली उभा होता. वीज पडली, पाऊस आला, पाऊस गेला, ऊन पडलं. माणसं त्याला खाटेवर घालून गावात आणत होती. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. खाट शाळेसमोर आली आणि भोंगा ओरडायला लागला.

मी शाळेसमोरच्या माझ्या घराच्या ओट्यावर होते. खाट धरलेली माणसं जागच्या जागी थांबली. कुणी वर पाहिलं नाही. भोंगा आपला पुरता ओरडला, मग गप्प झाला. मग खाट पुढं गेली.

त्यानंतर तो तसाच ओरडत राहिला. म्हैस गेली, मग भोंगा. देवळामागचं झाड उभं फाटलं, मग भोंगा. कोरड्या आभाळाखाली, पाखरं परत फांदीवर येऊन बसल्यावर. लेकरं खेळ टाकून घरात जात, कुत्री माना वर करून रडत. एकदा रुख्मा माझ्याकडे भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, त्याले समजते. घेऊन झालं का मंगच वरडते तो."

मी म्हटलं, "अगं, यंत्र आहे ते. जरा उशिरा चालतंय, एवढंच."

"उशिरा चालते तं एखांद्या बारीनं लवकर बी वरडला असता. नेमका मांगूनच काहून?"

मला उत्तर आलं नाही. जनार्दनाचं दुःख होतंच. पण रुख्मासमोर उत्तर आलं नाही, हे जास्त टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारंज्याला जीपनं गेले आणि तिथून वाशीमची गाडी धरली.

तिथल्या यंत्राची जबाबदारी नसरीनकडे होती. कारंज्याच्या कापडवाल्यांची मुलगी, पस्तिशीची, डोक्यानं तल्लख. त्या दिवशी चेहरा पार उतरलेला होता. जनार्दनाचं नाव तिला ठाऊक होतं, वयही ठाऊक होतं. मी कोण, काय करत होते, ते सांगितल्यावर ती मला मावशी म्हणायला लागली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"छोटी मशीन होती तेव्हा टाइमावर चालायचं, मावशी. मोठी आणली आणि बिघडलं. आणि एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितली नाही." ती यंत्राकडे पाठ करून बोलत होती. "कोणी बघत असलं तरच ती नीट चालते."

मी म्हटलं, नीट सांग. तिनं सांगण्याऐवजी दाखवलं.

जनार्दन गेला त्या दिवशी सगळ्या खांबांनी काय काय कळवलं, ते तिच्यापाशी साठवलेलं होतं. भोंग्यांशी जोडणी तोडून ती तीच दुपार यंत्राला पुन्हा भरवत असे. तसं तिनं माझ्यासमोर केलं. पडद्यावर ढग सरकत आले. यंत्राचे पंखे चढले. सगळे प्रोसेसर पुरते कामाला लागले आणि खोली तापली. आमच्या शिवारात वीज पडल्याची खूण उमटली. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग कामरगावला हुकूम सुटला.

यंत्र आत कुठं अडतं हे बघायला नसरीननं गाभ्यात एक छोटीशी मोजणी बसवली होती. ती तिनं चालू केली आणि तीच दुपार पुन्हा भरवली. या वेळी हुकूम आधी सुटला, जनार्दन निंबाखाली धडधाकट उभा असताना. मोजणी काढली, तो पुन्हा मेला. लावली, वाचला. त्या दुपारी आम्ही दोघींनी त्याला कितीदा वाचवला आणि कितीदा मारला, देव जाणे. शेवटी नसरीननं हात मागं घेतला. म्हणाली, आता मला नाही बघवत.

तिचे जोडीदार म्हणत होते, मग राहू दे की ती मोजणी तिथंच. नसरीनचं म्हणणं होतं, बरं का झालं ते कळलं नाही, तर उद्या पुन्हा का बिघडलं तेही कळणार नाही. मला ती मुलगी तिथंच आवडली.

मी तिला गाभ्याचा तो भाग उघडायला सांगितला. मेमरी देण्याघेण्याच्या दाराला एक कुलूप असतं, एका वेळी एकालाच आत सोडणारं; जो येईल त्यानं त्याला हात लावायचा. त्या कुलपाला लागूनच एक आकडा होता. किती नोंदी आल्या ते मोजणारा, दर नोंदीला ज्या त्या प्रोसेसरनं बदलायचा असा. मी विचारलं, या आकड्याच्या जागी आधी काय होतं?

"काहीच नाही. जागा रिकामी होती. कोणी सोडली होती कोण जाणे, का सोडली ते पण लिहिलेलं नव्हतं. मी साफसफाई करत होते, मावशी. जागा वाया जात होती, म्हणून तिथं हा ठेवला."

झालं होतं ते एवढंच. कुलूप आणि आकडा एका डब्यात आले होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण डबा एक. छोट्या यंत्रात चार हात होते, तेव्हा ते जाणवलं नाही. मोठ्या यंत्रात वादळाच्या वेळी सगळे खांब एकदम बोलायला लागले, सगळे हात एकदम त्या डब्यावर पडले. उत्तर येत नाही म्हणून खांब तेच तेच पुन्हा कळवत राहिले, गर्दी आणखी वाढली. वादळ सरल्यावर गर्दी ओसरायची आणि मग अडकलेला हुकूम बाहेर पडायचा. म्हणून भोंगा लवकर कधीच ओरडत नव्हता. आणि नसरीनची ती मोजणी काही बघत बिघत नव्हती. ती मध्ये शिरली, तिच्या धक्क्यानं आकडा पलीकडच्या डब्यात सरकला, बस.

आमच्या घरी सर्वपित्रीला पितरांचं पान मांडतात आणि त्या पानाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाट रिकामा सोडतात. पंगत कितीही दाटली तरी तिथं कुणी बसत नाही. आजी म्हणायची, त्यांना हात हलवायला जागा लागते. मी लहानपणी मुद्दाम त्या पाटावर जाऊन बसले होते, आणि मला काही झालं नाही हे वर्षभर सगळ्या मैत्रिणींना सांगत हिंडले होते. नसरीनला मी हे सांगितलं.

"आमच्यात असं नसतं," ती म्हणाली. "पण समजलं."

तिनं कुलपाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी सोडली, आणि का सोडली ते तिथंच स्वच्छ शब्दांत लिहिलं. नोंदींचा आकडा प्रत्येक प्रोसेसरला वेगळा दिला. त्यांची बेरीज सवडीनं. मग जनार्दनाची दुपार शेवटची भरवली. पंखे शांत होते. हुकूम सुटला, आणि त्यानंतर वीज पडेपर्यंत आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात एखादा माणूस निंबाखालून निघून, वाटेत तंबाखू मळून, रमतगमत शाळेपर्यंत पोचला असता. नसरीननं ओढणीनं तोंड पुसलं.

परतताना मात्र मी गाडीत खिडकीशी पंचविशीतल्यासारखी फुगून बसले होते. गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या सरपंचांपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगितलं, भोंगा दुरुस्त झाला. सगळे म्हणाले, बरं झालं. कुणी काही विचारलं नाही. मीही आणखी काही सांगितलं नाही. व्याख्यान द्यायची हौस त्या वेळी नेमकी कुठं गेली होती, कोण जाणे.

पुढच्याच आठवड्यात रुख्माचं सोयाबीन कापून झालं. शेताच्या मधोमध कापलेल्या पिकाची सुडी रचलेली होती, मळणी यंत्राची वाट बघत. तिनं मला शेतात जेवायला बोलावलं होतं. भाकर, ठेचा आणि कांदा, सोबत कापणीच्या चार बाया. जेवण होतं न होतं तोच आभाळ आलं. जनार्दन गेल्यापासून बाया आभाळाला घाबरायला लागल्या होत्या. आम्ही सगळ्या विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत शिरलो. खोली पक्की आहे, वर स्लॅब आहे. आसेगावच्या बाजूला गडगडत होतं. बाहेर पाखरू बोलत नव्हतं. सुडीवरच्या ताडपत्रीची एक बाजू सुटून वाऱ्यानं फडफडत होती आणि रुख्मा दारात उभी राहून तेवढीच बघत होती.

आणि भोंगा झाला. गावाकडून लांबवर, पण स्पष्ट. वीज अजून पडायची होती, आणि तो आधी ओरडला होता. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

डोळे पुसून बघते तर बाया उठलेल्या. पदर खोचले, एकीनं ताडपत्रीची दोरी उचलली.

"कुठं निघाल्या गं?"

"ताडपत्री बांधतो ना, आत्याबाई," रुख्मा म्हणाली. "भोंगा झाला. आता मोकळं. त्याचं घेऊन झालं."

भाकरी थापताना ती जे बोलली होती, त्यातलं अर्धंच माझ्या कानांत शिरलं होतं. माणूस घेतल्यावर तो ओरडतो, हे मी ऐकलं. ओरडला म्हणजे आता बाहेर जायला हरकत नाही, हे त्यापुढचं, आणि ते साऱ्या गावानं हंगामभर अनुभवानं पक्कं केलं होतं. त्यांचं कारण चुकलं होतं, पण भोंगा झाल्यावर वीज पडत नाही हे अगदी खरं होतं. मी आणि नसरीननं वाशीमच्या एका खोलीत बसून ते उलटं केलं होतं. आणि गावाला सांगितलं होतं, दुरुस्त झाला.

"रुख्मा, थांब. तो आता आधी ओरडतो."

"कोन?"

"भोंगा. वीज आता पडायची आहे."

"पडली ना तिकडं आसेगावले. आयकली नाई का तुमी?" तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. "आता आधी काहून वरडन तो?"

या काहूनचं उत्तर माझ्यापाशी होतं. त्यात कुलूप होतं, आकडा होता, डबा होता, पितरांचे पाट होते. ते पुरतं सांगायला अर्धा दिवस लागला असता. दुसरी बाई रुख्माला मागून म्हणाली, चाल वो, भिजून जाईन सारं.

मी पडले.

सरळ उंबऱ्यावर आडवी पडले, दार अडवून. डोळे फिरवले, घशातून आवाज काढला आणि रुख्माचा पदर मुठीत धरला. शाळेच्या नाटकात मला कधी कुणी काम दिलं नव्हतं, त्याचा सगळा वचपा काढला. दोरी खाली पडली. "माय, आत्याबाईले काय झालं?" सगळ्या माझ्यावर ओणवल्या. एकीनं तळपाय चोळले, एकीनं जेवणातला उरलेला कांदा फोडून नाकाशी धरला. कुणीतरी हळूच म्हणालं, गेली काय वो? मी डोळे किलकिले करून त्यांच्या पायांमधून सुडीकडे बघत होते. ताडपत्री फडफडत होती. काहीच होत नव्हतं. मला भीती वाटायला लागली, की नसरीनचं आणि माझं गणित चुकलं आणि आता काही होणारच नाही. आणि त्याहून भीती वाटत होती, की चुकलं नसेल.

रुख्मा म्हणाली, "तुमी पाहा त्याइच्याकडं. मी जाऊन येतो पटकन." तिनं पदर ओढला. मी सोडला नाही.

सगळं पांढरं झालं. आवाज आला तो कानांत नाही, पाठीखालच्या फरशीतून आला. नंतर जळका वास.

सुडीशेजारची बाभूळ वरपासून खालपर्यंत चिरली होती. ताडपत्रीची सुटलेली बाजू, जी धरायला रुख्मा निघाली होती, ती धुमसत होती. मग पाऊस आला आणि त्यानं ती विझवली. आम्ही सगळ्या तशाच. मी डोळे मिटायचं विसरून गेले होते. रुख्मानं सुडीकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे. तिच्या पदराला माझ्या मुठीच्या चुण्या पडल्या होत्या.

अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं?"

"भोंग्यानं," मी म्हटलं.

हे शंभर टक्के खरं होतं, आणि त्यांपैकी एकीनंही त्यावर विश्वास ठेवला नाही. रुख्मानं मला हात देऊन उठवलं, पण जरा लांबूनच.

त्यानंतर मी घरोघरी मिसळणाचा डबा घेऊन गेले. नसरीन आली, शाळेच्या मैदानात उभी राहून तिनं गावाला सगळं समजावलं. आधी भोंगा, मग वीज, भोंगा झाला की आत. गावानं ऐकलं, मान डोलावली, तिला चहा पाजला, जनार्दनाच्या आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण पुढच्या वेळी भोंगा झाला तेव्हा बायांनी भोंग्याकडे बघितलं नाही, आभाळाकडेही नाही. सगळ्या माझ्या ओट्याकडे बघत होत्या. मी उभी होते. उभी आहे म्हणजे काही नाही, असं धरून दोघीतिघी रानाकडे चालायला लागल्या.

मग मी काय करणार? मी आडवी झाले. सगळ्या घरांत पळाल्या.

तेव्हापासून हे असंच चाललंय. भोंगा वेळेवर होतो आणि मी आडवी होते. आता ओट्यावर चटई टाकूनच ठेवली आहे. रानात असलेल्या बाया मोबाइलवर एकमेकींना विचारतात, आत्याबाई पडल्या का? पडल्या म्हटलं, की तिथूनच पंपाच्या खोलीत जाऊन बसतात.

नसरीनला फोनवर सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मावशी, हे तर पुन्हा तेच झालं. सगळ्यांनी एकाच जागेकडे बघायचं. ती जागा अडली तर?"

बरोबर आहे तिचं. प्रत्येक गल्लीला आपापली पडणारी हवी. रुख्माला मी शिकवून पाहिलं, पण तिला पडता पडता हसू येतं, आणि हसणाऱ्या बाईला बघून कुणी घरात जात नाही. दुसरी कुणी तयार नाही. त्यांना वाटतं, हे अंगात यावं लागतं.

हाडं आता कुरकुरतात. नातवंडं म्हणतात, आजी, पुण्याला ये. मी जात नाही. पण एक विचार हल्ली दुपारी चटईवर पडल्या पडल्या येतो. एखाद्या दिवशी, आभाळ निळंशार असताना आणि भोंगा गप्प असताना, मी पडेन ती खरीच पडेन. तेव्हा मला उचलायला लवकर कुणी येणार नाही. सगळी दारं आतून लावलेली असतील, आणि गाव विजेची वाट बघत बसलेलं असेल.